काळ्या कॉफीने काटा का हलत नाही

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं. वय ३९, उंची पाच फूट तीन इंच, वजन ७६ किलो. राहायला कोथरूड, नोकरी हिंजवडीत. दोन महिन्यांपूर्वी ऑफिसातल्या मैत्रिणीने सांगितलं की सकाळी उपाशीपोटी काळी कॉफी घेतली की चरबी जळते. तुम्ही ती सुरू केली आणि नाश्ता बंद केला. पहिल्या तीन आठवड्यांत दीड किलो उतरलं, मग काटा जो थांबला तो थांबलाच. आता दुपारी छातीत जळजळतं, संध्याकाळी भुकेने जीव कासावीस होतो आणि तुम्ही विचारताय की कॉफी वाढवू, बंद करू, की ग्रीन कॉफी घेऊ. आणि अगदी शेवटच्या ओळीत, ताजा कलम लिहावा तसं, 'थायरॉइडची गोळी चालू आहे, ती सकाळी उठल्यावर कॉफीबरोबरच घेते' असं लिहिलंय.

मी त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते. तिच्यासोबत किंवा तिच्यामागोमाग कॉफी पोटात गेली की गोळी आतड्यातून नीट शोषली जात नाही. निदान अर्धा तास थांबायचं, तासभर थांबलात तर उत्तम. चहालाही मी हाच नियम लावते. कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळ्या घेत असाल तर त्यांच्यात आणि या गोळीत चार तासांचं अंतर हवं. माझ्याकडे थायरॉइडवाल्या बायका येतात तेव्हा डोस किती आहे हे फाइलमध्ये दिसतंच. मी विचारते, गोळी किती वाजता आणि पहिला चहा-कॉफीचा घोट किती वाजता? निम्म्या जणी हसतात, तेव्हाच उत्तर कळतं. तुमचं वजन याच कारणाने अडलं असेल असं मी म्हणत नाही, ते न तपासता कोणीच म्हणू नये. पण आजपासून हे अंतर पाळा, सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) करून घ्या आणि रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा. अंतर पाळायला लागल्यावर गोळी जास्त शोषली जाते, त्यामुळे डोसही बदलावा लागू शकतो. तो डॉक्टरांनीच बदलायचा, तुम्ही नाही आणि मी तर नाहीच.

आता कॉफीकडे वळू.

कॉफीने चरबी जळते हे पूर्ण खोटं नाही, म्हणूनच ते इतकं पसरतं. कॅफीनने शरीराचा खर्च थोडा वाढतो. साधारण १०० मिलिग्रॅम कॅफीन घेतलं तर बसल्या जागी होणारा खर्च पुढचे अडीच तास तीन ते चार टक्क्यांनी वाढतो, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. ऐकायला बरं वाटतं ना? आता तुमचा हिशोब करू. तुमच्या वयाच्या, उंचीच्या आणि वजनाच्या बाईचं शरीर दिवसभर नुसतं पडून राहिलं तरी अंदाजे १४०० कॅलरी खर्च करतं. म्हणजे तासाला ५८, अडीच तासांत १४६ च्या आसपास. त्याचे चार टक्के धरले तरी सहा कॅलरीही होत नाहीत. एक चमचा साखर म्हणजे २० कॅलरी. सकाळच्या काळ्या कॉफीने जे 'जाळलं', ते साडेअकराच्या कॉफीतल्या पाव-अर्ध्या चमचा साखरेत परत आलं. शिवाय शरीराला कॅफीनची सवय होते. रोज पिणाऱ्याला पहिल्या आठवड्यातली तरतरी दुसऱ्या महिन्यात जाणवत नाही, तसंच या परिणामाचंही होतं.

बरं, वर्षानुवर्षं कॉफी पिणाऱ्यांचं काय? अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीतून २०२३ साली एक आकडा पुढे आला. रोज बिनसाखरेची एक कॉफी वाढवणाऱ्यांचं वजन चार वर्षांत इतरांपेक्षा सुमारे १२० ग्रॅमने कमी वाढलं. चार वर्षांत १२० ग्रॅम! आपल्याकडे लग्नाच्या एका पंगतीत यापेक्षा जास्त वजनाचे जिलबीचे वेढे ताटात पडतात. त्याच पाहणीत रोजच्या एका जादा चमचा साखरेने चार वर्षांत सुमारे ९० ग्रॅम वजन वाढलेलं दिसलं. म्हणजे कॉफीने दिलेलं बहुतेक सगळं एका चमच्याने परत घेतलं. शिवाय ही नुसती पाहणी आहे, कॉफीमुळेच तसं झालं हे त्यावरून सिद्ध होत नाही.

मग तुमचं दीड किलो कशाने उतरलं? माझ्या मते नाश्ता बंद केल्याने. खाणं अचानक कमी झालं की शरीर आधी साठवलेली साखर वापरतं, आणि त्या साखरेबरोबर धरून ठेवलेलं पाणीही जातं. पहिल्या पंधरा-वीस दिवसांतल्या घटीत पाण्याचा वाटा मोठा असतो. सकाळच्या कॉफीने पोटही साफ होतं, हलकं वाटतं, आणि माणूस समजतो की चरबी गेली.

इथपर्यंत वाचून कॉफी निरुपयोगी आहे असं वाटलं असेल तर थांबा. मी स्वतः रोज दोन कप फिल्टर कॉफी पिते आणि ती सोडायचा माझा काही विचार नाही. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात मी आलेल्या प्रत्येकाला चहा-कॉफी बंद करायला लावायचे. लोक मान डोलवायचे आणि पुढच्या भेटीत सरळ खोटं सांगायचे. एका काकूंनी तर 'बंद केली हो' म्हणून सांगितलं आणि पर्समधून रुमाल काढताना कॉफीचा सॅशे माझ्या टेबलावर पडला. आम्ही दोघी इतक्या हसलो की मी तो नियमच सोडून दिला. तेव्हापासून मी लोकांना कॉफी सोडायला सांगत नाही, कॉफी मोजायला सांगते.

मोजायची म्हणजे आधी कॉफीचा मग मोजायचा. आपल्या आईच्या घरी कपबशी होती, तिच्यात जेमतेम १०० ते १२० मिली मावायचं. आता वाढदिवसाला भेट आलेले मग असतात आणि त्यांत सहज ३०० मिली मावतं. विचारलं की उत्तर मात्र 'दोनच कप'. तुमच्या मगात नेहमी भरता तिथपर्यंत पाणी घ्या आणि ते मापाच्या भांड्यात ओता. मापाचं भांडं नसेल तर दुधाची अर्धा लिटरची रिकामी पिशवी धुऊन तिच्यात ओता, साधारण अंदाज येतो. हा प्रयोग करून आलेल्यांपैकी कोणालाच आपला कप आधी वाटला होता तेवढा लहान निघालेला नाही.

मग येतं दूध. पुण्यात अजूनही पुष्कळ घरांत म्हशीचं दूधच लागतं, कारण साय, कारण दही, कारण 'गाईच्या दुधाची कॉफी पाणचट लागते'. म्हशीच्या १०० मिली दुधात ९० ते १०० कॅलरी असतात, गाईच्या दुधात ६५ च्या आसपास, टोन्ड दुधात ६० च्या थोडं खाली आणि डबल टोन्डमध्ये ४५ ते ५०. तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी घरी आल्यावर आणि रात्री जेवणानंतर नवऱ्याबरोबर 'दुधाळ कॉफी' होते. तिच्यात म्हशीचं दूध १५० मिली आणि साखर दोन चमचे धरली तर एक कप १८० कॅलरींचा. दोन कप म्हणजे ३६०. सकाळी नाश्ता सोडून तुम्ही अंदाजे ३०० कॅलरी वाचवल्या असतील. त्या संध्याकाळी याच दारातून परत आल्या.

गूळ घातला तर? हा प्रश्न इतक्या जणी विचारतात की तुम्ही विचारायच्या आधीच सांगते. गूळ कॅलरीच्या बाबतीत साखरेची सख्खी बहीण आहे, रंग सावळा एवढाच फरक. चव आवडत असेल तर जरूर घाला, पण चमचे तेवढेच मोजा. गुळाने दूध फाटतं ते वेगळंच.

ऑफिसातल्या मशीनबद्दल तुम्ही 'ती तर छोटी असते' म्हणालात. कागदी कप लहान असतो हे खरं. पण मशीनमध्ये जी तयार पावडर भरतात ती बहुतेक वेळा साखर, दुधाची पावडर आणि थोडी कॉफी यांचं मिश्रण असते. पँट्रीतल्या दादांना एकदा रिकामं पाकीट दाखवायला सांगा. घटकांच्या यादीत जे सर्वांत जास्त असतं ते पहिलं लिहिलेलं असतं. पहिला शब्द साखर निघाला, तर तुम्ही कॉफी नव्हे, कॉफीच्या वासाचं सरबत पिताय. माझ्या अंदाजाने त्या एका कपात ५० ते ६० कॅलरी असाव्यात, पाकिटावर नेमका आकडा मिळेल. त्याच यादीत चिकोरी किती टक्के तेही दिसेल. चिकोरी वाईट नसते, मुळाची भाजलेली पूड ती, पण तिच्यात कॅफीन नसतं. म्हणजे 'फॅट जळण्यासाठी' चिकोरीवाली कॉफी काळी पिणाऱ्यांनी आधी डबा उलटा करून वाचावा.

कपाबरोबर जे येतं ते मी अजून धरलेलंच नाही. खारी, क्रीमरोल, नानकटाई, कोणाच्या तरी वाढदिवसाचा पेस्ट्रीचा तुकडा. चहाबरोबर पोळी खाणारी माणसं असतात, पण कॉफीबरोबर लोकांना गोड आणि खुसखुशीतच लागतं, का कोण जाणे.

उपवासाचं एक सांगते, कारण तुम्ही गुरुवार करता. माझ्याकडे एक ताई यायच्या. आठवड्याचा गुरुवार आणि महिन्याची संकष्टी, 'त्या दिवशी मी काहीच खात नाही' म्हणायच्या. खात नव्हत्याच. दिवसभरात पाच कप दुधाळ कॉफी व्हायची, रात्री उपास सोडताना साबुदाण्याची खिचडी. आम्ही दोघींनी वहीत बेरीज केली, तर उपासाचा दिवस नेहमीच्या दिवसापेक्षा जड निघाला. उपास करा, श्रद्धेचा भाग आहे, पण वजनाच्या खात्यात तो आपोआप जमा होत नाही.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. तुमची संध्याकाळ. सकाळी काळी कॉफी, नाश्ता नाही, साडेअकराला मशीनची कॉफी, दीडला दोन पोळ्या-भाजी. कॉफीने काही जणांची भूक तासदीड तास दबते, काहींची अजिबात दबत नाही, हे माणसागणिक बदलतं. तुमची दबत असावी, म्हणून दुपारपर्यंत निभतं. पण दबलेली भूक कुठे जात नाही. हिंजवडीच्या फाटकातून बाहेर पडल्यावर चांदणी चौकापर्यंतच्या ट्रॅफिकमध्ये ती वसुलीला येते. घरी पोचेपर्यंत साडेसात वाजतात आणि मग समोर येईल ते जातं: फरसाण, उरलेला भात, वर ती कॉफी. तुम्ही याला 'माझ्यात कंट्रोल नाही' म्हटलंय. मला तसं अजिबात वाटत नाही. दिवसभर अर्धपोटी ठेवलेलं कोणतंही शरीर असंच वागेल.

म्हणून माझा पहिला बदल कॉफीत नाही, नाश्त्यात असेल. मूगडाळीचं धिरडं, दोन अंडी आणि एक पोळी, किंवा मटार-दाणे सढळ हाताने घातलेले पोहे आणि सोबत वाटीभर दही. प्रथिनं हवीत, नुसते पोहे अकरा वाजेपर्यंतही पुरत नाहीत. बस लवकर असेल तर डबा घेऊन जा आणि डेस्कवर खा. काळी कॉफी आवडत असेल तर ती नाश्त्यानंतर तासाभराने. छातीतली जळजळ यानेच बऱ्याच जणींची कमी होते, कारण कॉफीने आम्ल सुटतं आणि रिकाम्या पोटात त्याला दुसरं काही काम नसतं. तरीही जळजळ राहिली तर कॉफी कमी करावी लागेल आणि डॉक्टरांना दाखवावं लागेल. तासाभराचं अंतर आणखी एका कारणासाठी सांगते: जेवणाला लागून चहा-कॉफी घेतली की अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. आपल्याकडच्या बायकांचं हिमोग्लोबिन आधीच कुठे असतं हे वेगळं सांगायला नको. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शिकेत जेवणाच्या आधी आणि नंतर निदान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलंय.

त्याच मार्गदर्शिकेत दिवसाला ३०० मिलिग्रॅम कॅफीनची मर्यादा दिली आहे. उकळून किंवा फिल्टरने केलेल्या १५० मिली कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम, इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ आणि चहाच्या कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम असा त्यांचा अंदाज आहे. तुमच्या दिवसाला चार-पाच कॉफ्या होतात. बहुतेक इन्स्टंट असल्यामुळे तुम्ही मर्यादेच्या आगेमागेच असाल, पण कॉफीचा मग मोठा असला तर हिशोब बदलतो. रक्तदाब असेल, धडधड होत असेल, दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल, तर ही मर्यादा तुमच्यासाठी नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारा.

रात्रीच्या कॉफीबद्दल तुम्ही लिहिलंय, 'मला कॉफीने झोप जात नाही.' झोप लागणं वेगळं आणि ती गाढ असणं वेगळं. शरीरातलं निम्मं कॅफीन जायला सरासरी पाच तास लागतात. नऊ वाजता घेतलेल्या कपातलं निम्मं रात्री दोन वाजता अजून तुमच्या रक्तात फिरतंय. एका प्रयोगात झोपायच्या सहा तास आधी घेतलेल्या कॅफीननेही लोकांची झोप तासाभराहून जास्त कमी झाली होती. डोस मोठा होता, ४०० मिलिग्रॅम, पण सहा तास म्हणजेही काही कमी नाहीत. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर कॅफीन शरीरात आणखी बराच वेळ रेंगाळतं. पाळी नियमित करायला आज कितीतरी जणींना त्या गोळ्या दिल्या जातात आणि हे त्यांना कोणी सांगत नाही. झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, तीही गोडाची आणि तळलेल्याची. मग आळस, मग आणखी कॉफी. माझ्या अनुभवात वजन अडलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं कुलूप याच दाराला असतं. त्यांना आहाराचा तक्ता देण्याआधी मी 'दुपारी तीननंतर कॉफी नाही' एवढंच पंधरा दिवस करायला सांगते. नवऱ्याबरोबरचा तो कप मोडू नका, गप्पा महत्त्वाच्या आहेत. त्यात कॉफीऐवजी हळदीचं किंवा जायफळाचं अर्धा कप दूध घ्या, बिनसाखरेचं.

ग्रीन कॉफीचं उत्तर सोपं आहे: पैसे वाचवा. न भाजलेल्या कॉफीच्या बियांच्या अर्काने भराभर वजन उतरतं हा गाजावाजा २०१२ च्या सुमारास झाला. त्यामागे १६ लोकांवरचा एक प्रयोग होता आणि तोही भारतात झालेला. पुढे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यात खोट काढली, लोकांची वजनं बदलून लिहिल्याचं म्हटलं, आणि २०१४ साली तो शोधनिबंध मागे घेतला गेला. निबंध गेला, पण पाकिटं दुकानांत राहिली. कॉफीत लिंबू पिळणं हेही त्याच घरातलं, आणि आम्लपित्ताचा त्रास असलेल्या तुम्ही तर त्या वाटेला जाऊच नका. कॉफीत तूप घालणाऱ्यांना मी एवढंच विचारते की एका मोठ्या चमच्यात सव्वाशेच्या आसपास कॅलरी आहेत, त्या तुम्ही कुठल्या जेवणातून कमी करणार आहात?

कॉफी खरोखर कामाला येते ती एका ठिकाणी. व्यायामाआधी अर्धा ते एक तास घेतली तर दम जास्त टिकतो, थकवा उशिरा जाणवतो. तुम्ही शनिवार-रविवार वेताळ टेकडी चढता असं लिहिलंय. त्या दिवशी गोळी उठल्याउठल्या, तासाने एक केळं आणि छोटी काळी कॉफी, आणि आणखी अर्ध्या-पाऊण तासाने टेकडी. वीस मिनिटं जास्त चाललात तर ती त्या सहा कॅलरींपेक्षा कितीतरी मोठी कमाई आहे. उतरल्यावर मात्र डेक्कनला आइस्क्रीम घातलेली कोल्ड कॉफी नको. मोठा ग्लास, भरपूर साखर, वर आइस्क्रीमचा गोळा असं सगळं धरलं तर ३०० च्या वर कॅलरी सहज जातात, आणि टेकडीवर तेवढ्या खर्च होतीलच याची खात्री नाही. महिन्यातून एकदा प्या, मजेत प्या, पण त्याला व्यायामाचं बक्षीस म्हणू नका. एफसी रोडला बसून छोट्या पेल्यातली फिल्टर कॉफी पिणं त्या मानाने फार स्वस्त पडतं, कॅलरीच्या हिशोबात तरी. कमी साखरेची सांगा, आणि वाढणाऱ्या दादांनी भुवया उंचावल्या तर उंचावू द्या.

साखर एकदम बंद करू नका, माझा अनुभव चांगला नाही. लोक आठ दिवस वीर असतात आणि नवव्या दिवशी तीन चमचे घालतात. दोनाचा दीड करा, दहा दिवसांनी एक, मग अर्धा. जीभ महिन्याभरात बदलते. दुधात म्हशीवरून थेट डबल टोन्डवर उडी मारलीत तर घरात बंड होईल, म्हणून आधी गाईचं आणा. संध्याकाळचा कप निम्मा करून सोबत मूठभर भाजलेले चणे किंवा उकडलेलं अंडं घेतलंत, तर जेवायला बसेपर्यंत फरसाणाचा डबा उघडावासा वाटणार नाही.

पुढचे सात दिवस बदल काहीच करू नका, फक्त गोळी आणि कॉफीतलं ते अंतर तेवढं आजपासून पाळा. बाकी वहीत लिहा: किती वाजता, कोणता कप, साखर किती, दूध कोणतं, सोबत काय. रविवारी ते पान, तुमचा मग किती मिलीचा निघाला ते आणि शेवटचा टीएसएच रिपोर्ट कधीचा आहे ते इथेच लिहा. आकडे बघून पुढचं सांगते.